एका वाक्याची साक्ष

नथूनं पेटीचा भाता दाबला, सूर धरला, पहिली ओळ टाकली, आणि मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

अख्ख्या मंडळीला कळलं. आमच्या टाकळीच्या चर्चमध्ये भजन म्हणजे नथूची पेटी न् माझा मृदंग. ओळ त्यानं टाकायची, ठेका मी द्यायचा, मग बायाबापड्यांनी उचलायची. सतरा वर्षं हे असंच चाललेलं. त्या रविवारी ओळ पडली ती पडूनच राहिली. नथूनं परत टाकली. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. मागनं कुणीतरी खोकलं. शेवटी बायकांनीच टाळ्यांवर ते भजन कसंबसं ओढत नेलं, बैल बसलेली गाडी न्यावी तसं.

मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो घुमतो. दर रविवारी सकाळी माझी लेक सलोमी कणकेचा गोळा मळून, ओल्या फडक्यात बांधून माझ्या हातात द्यायची. त्या दिवशीही दिला होता. तो खिशात तसाच वाळत होता.

उपासना सुटल्यावर नथू माझ्या मागं आला. "शमू, हात दुखतोय का रे?"

"हाताला काय धाड भरलीय," मी म्हणलं. "हात चांगलाय. तुझं तोंड कसंय?"

तो जागीच थांबला. तिथंच माझा संशय पक्का झाला. मनात काही नसतं तर भांडला असता, का रे बाबा असं बोलतोस म्हणून. हा गप्प.

आता त्या आठवड्यात काय झालं होतं ते सांगतो. वीसबावीस वर्षं झाली, पण मला सगळं जसंच्या तसं आठवतं. आठवू नये असं फार वाटतं, तरी.

मी मोटारी भरणारा माणूस. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की ती माझ्याकडं येते. मी जुनी तार काढतो, नवी तांब्याची तार भरतो, वार्निश मारतो. शाळा चौथी. नथू आढाव शिंपी. दोघांच्या घरांची भिंत एक, आणि चर्चच्या मागं त्या टोकाला घरं आमची दोनच. नथूची बायको लवकर गेली. त्याला एक लेक, रिबका. माझी सलोमी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी.

सलोमीला सहाव्या वर्षी फेफरं सुरू झालं. यायचं ते पहाटेच, झोपेत. नगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. सहा वर्षं चालल्या, मग बाईंनीच बंद केल्या. त्यानंतर आठ वर्षांत एकदाही काही नाही. गावात कुणाला पत्ता नव्हता. माहीत होतं मला, माझ्या बायकोला, मार्थाला, आणि नथूला. पहाटे पोरीचे दात बसले की मार्थाची हाक भिंतीतनं आरपार जायची.

सलोमी वीस वर्षांची झाली आणि कोपरगावकडचं भालेरावांचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात, लॅबमध्ये. मुलगी पसंत, पत्रिका नाही काही नाही, साखरपुड्याची तारीखसुद्धा ठरली. मार्थानं लाडवाचा रवा आणला. आणि त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी इम्मानुएलमामा लुनावरनं आले. हे मार्थाचे लांबचे मामा, जमवाजमवीतले मधले. चपलाही काढल्या नाहीत त्यांनी. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहूनच म्हणाले, "शमुवेलराव, ते नको म्हणतात."

"का?"

"पोरीला फेफरं येतं म्हणे. तुम्ही दडवलं."

"कोण म्हणतं?"

"नाव नाही सांगत ते. पण म्हणाले, ज्याच्या तोंडून आलंय त्याचा शब्द खोटा धरता येत नाही."

सलोमी उंबऱ्याशी बाजरी निवडत होती. तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, "जाऊ द्या आबा," आणि सूप घेऊन आत गेली.

मामा गेल्यावर मार्था चुलीपुढं बसली आणि बोटं मोडत म्हणाली, "तुम्ही. मी. आणि भिंतीपलीकडचा. चौथं कोण आहे का सांगा."

चौथं कुणी नव्हतं.

मोटार बिघडली की शेतकरी मला सांगतो, लाईट कमीजास्त झाली, तारेवर फांदी पडली, शेजाऱ्यानं काहीतरी केलं. मी ऐकून घेतो आणि मोटार उघडतो. तेवढी अक्कल मला होती. पण ती मोटारीपुरती.

त्या दिवसापासनं मी नथूवर डोळा ठेवला. शेडमध्ये बसायचो ते तोंड त्याच्या दाराकडं करून. भजन अडलं त्या रविवारनंतरच्या बुधवारी दुपारी एक लाल मोटारसायकल त्याच्या दारात लागली. उतरला तो भालेरावांचा चुलता. मुलगी बघायला आला होता तेव्हा मीच त्याला दुसऱ्यांदा चहा पाजला होता, म्हणून ओळखला. तासभर आत होता. निघाला तेव्हा नथू बाहेर आला आणि त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिला. कमरेत वाकून. मोटारीचं झाकण माझ्या हातात तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी रिबकाच्या अंगावर नवा ड्रेस. मोरपंखी. बाप शिंपी, लेकीला नवा ड्रेस घातला तर त्यात काय एवढं. पण त्या आठवड्यात मला सगळंच दिसत होतं.

"बघा," मार्था म्हणाली, "आपली काढली आणि स्वतःची पुढं केली."

शुक्रवारी नथू एसटीची वाट बघत फाट्यावर उभा. मी सायकलवरनं जाता जाता विचारलं, "कुठं?"

"कोपरगावला. कापड आणायला."

शेवगाव सोडून दुसरीकडनं त्यानं कधी हातभर कापड आणलं नव्हतं. संध्याकाळी परत आला तो मोकळ्या पिशवीनं. मी पिशवीकडं बघितलं. मी बघितलं हे त्यानंही बघितलं. पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि आत गेला.

शनिवारी सकाळी पाळकसाहेब शेडमध्ये आले. "शमुवेल, उद्या उपकारस्तुतीचा रविवार. हंगामाचं दान आहे, प्रभूभोजन आहे. तुम्ही दोघं बोलत नाही म्हणतात. मन साफ केल्याशिवाय मेजापाशी येऊ नये, तुला माहीत आहे."

"नाही येत मग."

"आणि साक्ष? तुझ्या साक्षीसाठी लोक वस्तीवरनं चालत येतात."

हे खरं होतं. उपकारस्तुतीला ज्याला त्याला उभं राहून सांगायचं असतं, देवानं आपल्यासाठी काय केलं. बाकीचे दोन वाक्यं बोलून बसतात. मी उभा राहिलो की म्हाताऱ्या माणसांनी कान पुढं करावेत. गावात मी विहिरीत पडलो तेव्हाची सांगायचो. वैशाखात दूर मोठा मेळावा भरतो, तीन दिवस, मोठा मांडव. तिथली साक्ष वेगळी, राखून ठेवलेली. मांडव चिडीचूप व्हायचा, बाया पदरानं डोळे पुसायच्या.

"साक्ष देईन ना," मी पाळकसाहेबांना म्हणलं. "साक्ष देवाची. तिचा न् नथूचा काय संबंध?"

ते जायला वळले. मग म्हणाले, "दुपारी सरावाला तरी ये," आणि गेले.

गेलो. पण वाजवायला नाही गेलो. चर्चमध्ये दोघी पोरी होत्या. वेदीपुढं बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, सगळं मांडून ठेवलेलं. रिबका झेंडूचं तोरण करत होती, सलोमी स्टुलावर चढून ते खिडकीला बांधत होती. नथू पेटीपुढं बसून फडक्यानं पट्ट्या पुसत होता.

मी मृदंगापाशी न जाता त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "लाल मोटारसायकल कुणाची होती?"

त्यानं वर बघितलं. "भालेरावांच्या चुलत्याची."

"कशाला आला होता?"

गप्प.

"रिबकासाठी?"

रिबकाच्या हातातली सुई थांबली. "काका, काय बोलताय तुम्ही?"

"तू थांब पोरी. तुझ्या बापाशी बोलतोय. नथू, कोपरगावचं कापड दाखव की."

"कापड आणायला गेलोच नव्हतो."

"म्हणजे खोटं बोललास."

"बोललो."

"चुलत्यापुढं हात का जोडलेस?"

"जोडले. जोडावे लागले."

"सलोमीचं तू सांगितलंस त्यांना."

"त्यांना आधीच माहीत होतं, शमू."

"कुणाकडनं?"

नथूनं फडकं घडी करून पेटीवर ठेवलं. मग म्हणाला, "मीच सांगितलं असं म्हणलो, तर तू उद्या मृदंग वाजवशील का?"

"म्हणजे कबूल."

"लिही कबूल."

माझा हात उठला होता. खोटं कशाला बोलू. देवाच्या घरात, वेदीपुढं, माझा हात उठला होता.

"नथूकाका, बास करा," सलोमी म्हणाली.

ती स्टुलावरनं उतरली. हाताला लागलेली पिवळी पाकळी झटकली. वेदीच्या बाजूला, साक्ष द्यायला मी जिथं उभा राहतो बरोबर तिथं जाऊन उभी राहिली. डावा हात कमरेवर, उजवा वर. मी असाच उभा राहतो. आणि ती बोलायला लागली, माझ्याच चालीत.

"मंडळी, प्रभूची स्तुती असो. माझी एकुलती एक लेक. सहा वर्षांचं लेकरू. पहाटेची वेळ. तोंडाला फेस, डोळे पांढरे, दात बसलेले. हाक मारावी तर शेजारीपाजारी दारं लावून झोपलेले."

तिथं मी थांबायचो. ती पण थांबली.

"डॉक्टर म्हणाले, आमच्या हातात काही नाही. मी एकटा, मंडळी. लेकराला खांद्यावर टाकलं आणि अंधारात चालत सुटलो. अकरा मैल. पावलागणिक म्हणत गेलो, देवा, तुझी स्तुती, देवा, तुझी स्तुती. आणि त्या दिवसापासनं त्या लेकराला आजार शिवला नाही."

रिबका तोंडावर हात घेऊन ऐकत होती. नथू पेटीकडं बघत होता. ही मेळाव्यातली साक्ष त्यानं माझ्याशेजारी बसून आठनऊ वर्षं ऐकली होती, आणि ती संपली की त्यावर सूर धरला होता.

"आणि कुठंय ती लेक आज?" सलोमीनं हात लांब केला. कुणाचंतरी मनगट धरावं तसं हवेत धरलं आणि वर ओढलं. "ऊठ बाळ. उभी राहा. बघा मंडळी, डोळे भरून बघा. हीच ती."

हात खाली आला. चाल माझी गेली, आवाज तिचा झाला.

"गेल्या वैशाखात झांज वाजवायला म्हणून मला पहिल्यांदा नेलंत, आबा. मला माहीत नव्हतं तुम्ही तिथं काय सांगता ते. तिसऱ्या रांगेत मुलाची आत्या बसली होती. घरी आली तेव्हा मी तिला ओळखलं, आणि लग्न जमल्यावर तिलाही माझं तोंड आठवलं."

मला खाली बसावं लागलं. भोपळ्यांच्या ओळीला टेकून बसलो.

तुम्ही म्हणाल, माणसाला एवढं कळत नाही? नाही कळलं. कुणाला सांगितलं, असं मला त्या आठ दिवसांत दहा जणांनी विचारलं असतं, तर दहाही वेळा मी बायबलवर हात ठेवून म्हणलो असतो, कुणाला नाही. मी माणसांना सांगितलंच नव्हतं. देवाला सांगितलं होतं, मोठ्यानं.

"ती स्तुती होती गं," मी म्हणलं.

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर उभी राहिले."

मान खाली घालून उभी होती ती त्या मांडवात. मला वाटलं होतं, भक्तीनं घातलीय.

मग नथूच बोलला. "चुलता शहानिशा करायला आला होता. शेजाऱ्याला विचारू म्हणून. मी सांगितलं, होतं ते लहानपणी, गोळ्यांनी गेलं, भिंतीला कान लावून झोपतो मी, आठ वर्षांत आवाज नाही. तेव्हा त्यानं आत्याचं सांगितलं. मी हात जोडले, म्हणलं हे शमूच्या कानावर घालू नका. मग कोपरगावला जाऊन आत्याला भेटलो. म्हणलं, बाई, दडवलं कसं म्हणता? बापानं दोन हजार माणसांत सांगितलंय. तर म्हणाली, दोन हजारांना सांगितलं न् आम्हाला नाही, हेच तर दडवणं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला कळलं असतं तर तू परत स्तुतीला तोंड उघडलं नसतंस. ओळखत नाही का मी तुला? आणि तू गेलास की मृदंग तुझ्या मेव्हण्याकडं जाणार. त्याचा ठेका ऐकलायस? पायऱ्यांवरनं डबा पडावा तसा."

मला हसू नाही आलं. एक गोष्ट डोक्यात घोळत होती. अकरा मैल मी कधीच चाललो नव्हतो. पहाटेच्या थंडीत नथूनं सायकल मारली होती, पुढं दांडीवर मी, मांडीवर लेकरू, हमरस्त्यापर्यंत. तिथनं ट्रक थांबवला होता तोही त्यानंच. सहा वर्षांत किती वेळा, मोजदाद नाही. आणि गोळ्या. गोळ्यांच्या बाटलीचं नावसुद्धा माझ्या साक्षीत नव्हतं.

"नथू, माझ्या साक्षीत सायकल नसते," मी म्हणलं.

"नसते," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी होती. मग गाळलीस. लोकांना खांदा जास्त आवडतो."

भालेरावांचं स्थळ काही परत आलं नाही. ते सांगून टाकतो, उगाच तुम्ही आशा धरून बसाल. दोन वर्षांनी दुसरं आलं, मनमाडचं. मुलगा बघायला आला तेव्हा चहाचा कप हातात देता देता सलोमीनं स्वतःच सांगितलं, मला लहानपणी फेफरं यायचं, या या गोळ्या होत्या, अमुक साली बंद झाल्या. मुलानं चहा प्यायला आणि म्हणाला, साखर थोडी जास्तच पडलीय. तो माझा जावई. साखरेचं अजून बोलतो.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं, रविवारचं.

सकाळी मी उठलो तर फडक्यातला गोळा जागेवर नव्हता. मागायचं तोंड नव्हतं. मीच परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं, जास्त झालं. बोटांना सगळं चिकटून बसलं. सलोमी मागनं आली, परात ओढून घेतली, वरनं कोरडं पीठ भुरभुरलं आणि मळायला लागली.

"आज काय सांगणार?" तिनं विचारलं. मान परातीतच.

"तू म्हणशील ते. नको म्हणालीस तर काहीच नाही."

"मला आधी विचारायचं होतंत, आबा. एवढंच."

आणि गोळा फडक्यात बांधून माझ्या हातावर ठेवला.

चर्च भरलेलं होतं. वस्तीवरची माणसं आली होती. एकेक उठलं, बोललं, बसलं. कुणी पावसाबद्दल, कुणी म्हशीबद्दल, कुणी नातवाबद्दल देवाचे आभार मानले. मग पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी उठलो तशी सगळी माणसं बाकावर सावरून बसली. पुढच्या रांगेतल्या सगुणाबाईनं पदराचं टोक आधीच हातात घेतलं होतं. दर वर्षी विहिरीत दोर तुटला की ती रडायची.

मी मागं बघितलं. झांजेची दोरी बोटाला गुंडाळत सलोमी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, नजर काढली नाही.

"नथूकडं सायकल होती," मी म्हणलं, "त्याबद्दल प्रभूची स्तुती असो."

आणि बसलो.

मंडळी वाट बघत राहिली. सगुणाबाई पदर धरून तशीच. कुणालातरी वाटलं मला भोवळ आली, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. कुणाला काही कळलं नाही आणि मी कळवलंही नाही. कुणाची गोष्ट कुठं सांगायची, हे मला एवढ्या वर्षांनी थोडंथोडं उमगायला लागलं होतं.

नथूची बोटं पेटीवर होती, पण सूर निघेना. भाता दाबायचा हातच त्याचा चालेना.

मग मागनं सलोमीचा आवाज आला. "आमेन."

मी फडकं सोडलं, कणीक मृदंगाला लावली. नथूनं खाकरून घसा साफ केला आणि ओळ टाकली. अर्ध्यातच त्याचा आवाज फाटला. ओळ पुरी व्हायच्या आत मी ठेका दिला, आणि उरलेली अर्धी बायकांनी उचलून नेली.